वक्तृत्वाने प्रबंध बिघडतो का?

१. अक्षरवाट
नमस्कार. मी नागपुरात समाजशास्त्रात पीएच.डी. करते आहे आणि प्रबंध मराठीतून लिहिते आहे. विषय आहे, शहरातील आठवडी बाजारांत भाजी विकणाऱ्या स्त्रिया. शाळेपासून पदव्युत्तर वर्गापर्यंत वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धा गाजवल्या असल्यामुळे लेखनाची मला कधी भीती वाटली नव्हती. पहिले प्रकरण मार्गदर्शकांकडून परत आले, तेव्हा पहिल्या पानाच्या समासात एवढेच लिहिले होते: "हे भाषण झाले. आता प्रकरण लिहा."

सुरुवातीचा परिच्छेद असा होता:

"अनादी काळापासून भारतीय स्त्री ही कष्टाचे मूर्तिमंत प्रतीक राहिली आहे. डोईवर टोपली आणि मनात संसाराचे ओझे घेऊन बाजारात बसलेली ही स्त्री म्हणजे आपल्या अर्थव्यवस्थेचा विस्मृत कणा होय. बहुतांश स्त्रिया कर्जबाजारीपणामुळे नाइलाजाने या व्यवसायाकडे वळतात, हे सर्वज्ञात आहे. समाज त्यांच्याकडे कधी पाहणार?"

माझा प्रश्न असा आहे की, श्रोत्याला पटवून देण्याची जी कला मी इतकी वर्षे शिकले, ती अभ्यासपूर्ण लेखनात सर्वस्वी विसरायची असते का? की तिच्यातले काही इथेही उपयोगी पडते?

२. महालकर
शेवटच्या वाक्यावर सभागृहात टाळ्या पडल्या असत्या. प्रबंधाला सभागृह नसते, परीक्षक असतात, आणि त्यांचे सगळे लक्ष तुमच्या तिसऱ्या वाक्याकडे असते.

३. जुना_परीक्षक
मी निवृत्त प्राध्यापक आहे आणि प्रबंध तपासण्यात आयुष्याचा बराच काळ गेला आहे. "अनादी काळापासून", "प्राचीन काळापासून" किंवा "मानव हा समाजशील प्राणी आहे" अशी सुरुवात दिसली की मी पुढची दोन पाने न वाचताच उलटत असे, आणि त्यात माझे कधी काही हुकले नाही. विषय जिथे सुरू होतो तिथून लेखकाने फार दूर उभे राहून चालायला सुरुवात केलेली असते, एवढाच त्याचा अर्थ.

तुमच्या परिच्छेदातले खरे दुखणे मात्र "अनादी" हे नाही. महालकरांनी बोट ठेवले ते तिसरे वाक्यच आहे. एखादी गोष्ट "सर्वज्ञात" असेल, तर तिच्यावर संशोधन कशासाठी? ती सर्वज्ञात नसेल, तर हा शब्द पुराव्याच्या जागी बसवलेला आहे. "बहुतांश" म्हणजे किती जणींपैकी किती? "नाइलाजाने" हे त्या बायांनी सांगितले, की तुम्ही त्यांच्याकडे पाहून ठरवले? एका वाक्यात तीन दावे आहेत आणि तिन्ही निराधार आहेत. आजूबाजूची वाक्ये इतकी भारदस्त आहेत की, हे वाचकाच्या लक्षात येऊ नये असाच त्यांचा हेतू वाटावा. तुमचा तो हेतू नसणार, याची मला खात्री आहे. पण परिणाम तोच होतो.

मार्गदर्शकांचा शेरा योग्य आहे, परंतु अपुरा आहे. "भाषण झाले" एवढे सांगून विद्यार्थ्याला काय सुधारायचे ते कळत नाही.

४. परीक्षानळी
मी रसायनशास्त्राचा असल्यामुळे मला हा प्रश्नच अनावश्यक वाटतो. आमच्या शोधनिबंधात प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती आणि चर्चा असे चार ठरलेले भाग असतात. मोजले ते लिहायचे आणि थांबायचे. लंडनच्या रॉयल सोसायटीचा इतिहास टॉमस स्प्रॅट यांनी १६६७ मध्ये लिहिला, त्यातही सभासदांनी गणितासारख्या उघड्या, साध्या भाषेत बोलावे असाच आग्रह मांडलेला आहे. पटवून देण्याचे काम पुराव्याचे आहे, लेखकाचे नव्हे.

५. पूर्वपक्षी
परीक्षानळी, स्प्रॅट यांचे उदाहरण तुम्ही दिलेत हे बरे झाले, कारण अलंकारांवर तुटून पडताना त्यांनी स्वतः वापरलेली भाषा चांगलीच अलंकृत आहे.

विज्ञानातलेच दुसरे उदाहरण घ्या. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा निबंध २५ एप्रिल १९५३ रोजी 'नेचर'मध्ये आला आणि तो जेमतेम पानभराचा आहे. सुरुवातीला "आम्ही एक रचना सुचवू इच्छितो" असा नम्र सूर आहे. लगेच पॉलिंग आणि कोरी यांनी आधी मांडलेली रचना घेऊन ती का टिकत नाही, याची दोन कारणे दिली आहेत. आनुवंशिक द्रव्याची नक्कल कशी होत असावी, ही सर्वांत मोठी गोष्ट शेवटाकडे येते आणि तीही "हे आमच्या नजरेतून सुटलेले नाही" अशा नकारार्थी वळणाने. प्रतिपक्ष आधी, स्वपक्ष नंतर, आणि दावा जितका मोठा तितका आवाज खाली. ही योजना प्रयोगशाळेतल्या उपकरणाने केलेली नाही, लेखकांनी केलेली आहे.

ॲरिस्टॉटलने वक्तृत्वविद्येची व्याख्या "कोणत्याही प्रसंगी पटवून देण्याची कोणती साधने उपलब्ध आहेत, ते ओळखण्याची शक्ती" अशी केली आहे. त्याने तीन साधने सांगितली: बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याची भावना आणि खुद्द युक्तिवाद. तुमच्या चार भागांतला "पद्धती" हा भाग विश्वासार्हतेसाठीच तर असतो. "मी काय केले ते सगळे सांगतो, तुम्हीही करून पाहा" याहून मोठी विश्वासार्हता कोणती?

६. परीक्षानळी
डीएनएचे उदाहरण मान्य. तरीही माझे म्हणणे एवढेच आहे की, ती रचना चुकीची असती तर त्या नम्र सुराला आज कोणी विचारले नसते.

७. तर्री_जास्त
प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस म्हणतो की, वक्तृत्व ही विद्याच नव्हे, ती स्वयंपाकासारखी निव्वळ जिभेला खूश करणारी हातोटी आहे. वैद्यकापुढे जशी पाककला, तशी न्यायापुढे ही. सॉक्रेटिसने नागपुरात येऊन सावजी रस्सा खाल्ला असता तर त्याने ही उपमा बदलली असती, किंवा निदान पाणी तरी मागितले असते.

थट्टा बाजूला ठेवून सांगतो. आमच्या घरी पोह्यांचा धंदा आहे. तर्रीवर, म्हणजे पोह्यांवर घालतात त्या झणझणीत रश्श्यावर, जो लाल तवंग येतो, तो यावा म्हणून नवशिके वरून तेल ओततात. वरून ओतलेले तेल म्हणजे तर्री नव्हे. वाटण नीट परतले, मसाला पुरता शिजला, की तेल आपले आपण सुटते. अक्षरवाट ताईंच्या परिच्छेदात तेल भरपूर आहे, परंतु परतायचे राहिले आहे.

८. अक्षरवाट
तर्री_जास्त, मार्गदर्शकांच्या शेऱ्यापेक्षा तुमची टीका अधिक लागली आणि अधिक समजलीही. परंतु "परतणे" म्हणजे नेमके काय करायचे?

९. पूर्वपक्षी
याचे एक उत्तर आपल्या न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. वाद म्हणजे सत्य जाणून घेण्यासाठी केलेली चर्चा, जल्प म्हणजे जिंकण्यासाठी केलेली, आणि वितंडा म्हणजे स्वतःची काहीही बाजू न मांडता केवळ समोरच्याचे खोडण्यासाठी केलेली. आता तुमच्या स्पर्धा आठवा. विषयाच्या बाजूने बोलायचे की विरुद्ध, हे अनेकदा चिठ्ठी उचलून ठरते. तिच्यात जे निघेल ते सहा मिनिटे ठासून मांडायचे. नाव वादविवाद असले, तरी तो शास्त्रार्थाने जल्प आहे. तुम्ही पटवून देण्याची कला शिकलात यात शंका नाही. परंतु स्वतःला पटले आहे का, हे तपासण्याची सवय त्या स्पर्धांनी लावली नाही.

प्रबंध हा वाद आहे, आणि वादाची मांडणी मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांनी, फार नेमकी करून ठेवली आहे. त्यांच्या एकेका अधिकरणात, म्हणजे एकेका प्रश्नाच्या चर्चेत, आधी विषय येतो, मग त्याविषयीचा संशय, मग पूर्वपक्ष म्हणजे समोरच्याची बाजू, मग उत्तरपक्ष म्हणजे तिला दिलेले उत्तर आणि शेवटी निर्णय. यातला संशय फार महत्त्वाचा आहे. तुमच्या परिच्छेदात विषय आहे आणि थेट निर्णय आहे. मध्ये संशयच नाही. वाचकाच्या मनात प्रश्न उभा राहण्याआधीच उत्तर आले, तर ते उत्तर वाटत नाही, घोषणा वाटते.

१०. महालकर
आता "आपल्या पूर्वजांनी सगळे आधीच सांगून ठेवले होते" या वळणावर धागा जाणार, असे दिसते.

११. पूर्वपक्षी
जाऊ देणार नाही. न्यायाचे पंचावयवी वाक्य, म्हणजे प्रतिज्ञा (दावा), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (ते उदाहरण प्रस्तुत गोष्टीला लावणे) आणि निगमन (निष्कर्ष), हे प्रबंधाचा आराखडा म्हणून आजकाल सुचवले जाते, आणि मला ते पटत नाही. डोंगरावर धूर आहे म्हणून अग्नी आहे, एवढे एक अनुमान सांगण्यासाठी ते पुरेसे आहे. अडीचशे पानांच्या प्रबंधात अशी शेकडो अनुमाने असतात आणि त्यांपैकी काही एकमेकांच्या अंगावर येतात. त्यांचे काय करायचे, हे त्या पाच अवयवांतून कळत नाही. मीमांसकांचा पूर्वपक्ष मात्र आजही जसाच्या तसा कामाला येतो. अट एकच आहे की, तो दुबळा करून मांडायचा नाही. पूर्वपक्ष वाचताना वाचकाला "हेच बरोबर असावे" असे क्षणभर वाटले पाहिजे. डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात सहावे प्रकरण स्वतःच्याच सिद्धान्तातल्या अडचणींना दिले आहे. डोळ्यासारखा अवयव नैसर्गिक निवडीने घडला असेल हे मानणे अशक्य वाटते, अशी कबुली तो तिथे आधी देतो आणि मग उत्तराकडे वळतो.

१२. वकील_सिव्हिल_लाइन्स
जल्पाची इतकी निंदा मला मान्य नाही. आम्ही उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे जिंकण्यासाठीच उभे राहतो, आणि तरीही दोन जिंकू पाहणाऱ्यांच्या मधून न्यायमूर्तींना निर्णयाची वाट सापडते. न्यायसूत्रांतच सांगितले आहे की, उगवत्या अंकुरांच्या रक्षणासाठी काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात, तसे जल्प आणि वितंडा हे सत्यनिश्चयाच्या रक्षणासाठी असतात. आपल्याकडे शेताला बोराटीचे कुंपण घालणाऱ्याला हा दृष्टांत समजावून सांगावा लागणार नाही.

कोर्टातली एक गोष्ट प्रबंध लिहिणाऱ्याने अवश्य उचलावी. आम्ही बोलत असताना न्यायमूर्ती मध्येच थांबवून विचारतात, "हे कशावरून?" कागद लिहिताना कोणी थांबवत नाही आणि तिथेच माणूस बिघडतो. म्हणून प्रत्येक वाक्यानंतर ती पृच्छा स्वतःच करावी. स्टीफन टूलमिन या तत्त्वज्ञाने १९५८ मध्ये युक्तिवादाची जी मांडणी दिली, तिच्यासाठी त्याने न्यायालयातल्या युक्तिवादाचाच आदर्श समोर ठेवला होता. दावा असतो, त्याला आधार असतो. परंतु त्या आधारावरून या दाव्यावर उडी मारण्याची परवानगी देणारी एक तिसरी गोष्ट असते आणि ती बहुधा न बोललेलीच राहते.

ताईंच्या वाक्याला हे लावून पाहू. दावा असा की, स्त्रिया नाइलाजाने या धंद्यात येतात. आधार असा की, त्यांच्यावर कर्ज आहे. न बोललेली गोष्ट अशी की, कर्ज असलेला माणूस जे करतो ते नाइलाजानेच करतो. आता हे खरे आहे का? माझ्यावर घराचे कर्ज आहे, म्हणून मी वकिली नाइलाजाने करतो असे कोणी लिहिले तर माझी हरकत राहील. शिवाय, कर्ज धंद्याच्या आधीचे की धंद्यासाठी काढलेले, हेही पाहावे लागेल.

१३. तर्री_जास्त
वकील साहेबांची हरकत नोंदवून घेतली आहे. पुढील तारीख हिवाळी अधिवेशनानंतर.

१४. सेलूची_लेक
मी या संकेतस्थळावर फारसे लिहीत नाही, परंतु इथे राहवले नाही. माझी आई वीस वर्षे भाजी विकत होती. आमचे गाव वर्ध्याकडचे असले, तरी ती मामाकडे राहून नागपूरच्या बाजारांत बसत असे. सोमवारी एक बाजार, बुधवारी दुसरा, शनिवारी तिसरा. मामाने तिला गल्लीत कायमचे दुकान टाकून द्यायची तयारी दाखवली होती. पैसे होते, जागाही होती. ती नको म्हणाली. तिचे शब्द मला आठवतात: "दुकान टाकलं तं दिवसभर तिथंच बसा लागते. बाजार कसा, उठला का मी मोकळी."

मोकळी म्हणजे आराम करायला मोकळी नव्हे. त्या वेळात ती आम्हाला शाळेतून आणत असे, आजीचे दवाखान्याचे पाहत असे. परंतु कोणत्या दिवशी काय करायचे ते ती ठरवत असे. तिच्यावर कर्ज नव्हते असे नाही, होते. तरी ती "कर्जामुळे नाइलाजाने" बसली होती असे कोणी लिहिले, तर ते वाचून ती हसली असती.

डोईवर टोपलीही तिने कधी घेतली नाही. ती ऑटोने माल आणत असे.

१५. अक्षरवाट
सेलूची_लेक, तुमच्या शेवटच्या ओळीने मला वरमायला झाले. मी ज्या बायांशी बोलले, त्यांच्यापैकीही कोणाच्या डोईवर टोपली नव्हती. ती टोपली माझ्या भाषणांतून आली आहे.

मुलाखतींच्या वह्या काढून "बहुतांश" मोजायला बसते आहे. काही दिवसांनी येते.

१६. महालकर
त्या येईपर्यंत एक स्थानिक अभिमानाची गोष्ट. संस्कृत काव्यशास्त्रात स्पष्ट आणि प्रसन्न शैलीला वैदर्भी म्हणतात, आणि लांबलचक समासांच्या, आडंबरी शैलीला गौडी. दण्डीने प्रसाद, माधुर्य, अर्थव्यक्ती असे दहा गुण सांगून त्यांना वैदर्भ मार्गाचे प्राण म्हटले आहे. आणि आज विदर्भात बसून आपण प्रबंध लिहितो ते अस्सल गौडी रीतीत.

१७. पूर्वपक्षी
विनोद उत्तम आहे, परंतु याच दण्डीने "समासांची विपुलता हे गद्याचे जीवित आहे" असेही म्हणून ठेवले आहे. तेव्हा त्याचे प्रमाणपत्र भिंतीवर लावण्याआधी पूर्ण वाचावे. रीतीचा विचार मुळात काव्यासाठी आहे. आपल्या कामाची गोष्ट कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडते, कारण तिथे राजाच्या लेखी आज्ञापत्रांचा, म्हणजे व्यवहारातल्या गद्याचा विचार आहे. लेखाचे सहा गुण तिथे दिले आहेत: अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टत्व. अर्थक्रम म्हणजे मुख्य गोष्ट आधी आणि बाकीच्या तिच्या अनुरोधाने. संबंध म्हणजे आधी जे म्हटले, त्याला बाध न आणता शेवटपर्यंत पुढचे सांगत जाणे. स्पष्टत्व म्हणजे लोकांना माहीत असलेले शब्द वापरणे. व्याख्या एवढीच आहे.

दोषही पाच सांगितले आहेत आणि त्यांतला संप्लव हा मला फार आवडतो. जिथे गट पाडू नये तिथे पाडणे आणि जिथे पाडावा तिथे न पाडणे, असा त्याचा अर्थ. परिच्छेद कुठे तोडावा हे न कळणाऱ्यांची तक्रार इतकी जुनी आहे.

१८. जुना_परीक्षक
स्पष्टत्वावरून आठवले. "सदर संशोधनाच्या अनुषंगाने प्रश्नावलीच्या माध्यमातून माहितीचे संकलन करण्यात आले." असे वाक्य मी इतक्या वेळा वाचले आहे की झोपेतही म्हणू शकेन. "प्रश्नावली देऊन माहिती गोळा केली" एवढाच त्याचा ऐवज आहे. विद्यार्थ्यांना वाटते की, "करण्यात आले" म्हटल्याने लेखन वस्तुनिष्ठ होते. प्रत्यक्षात कोणी केले, ही अभ्यासातली आवश्यक माहिती तेवढी लपते.

१९. मुद्रितशोधक
जुना_परीक्षक सरांच्या मुद्द्याला व्याकरणाची जोड देतो. "मी" आला की लेखन व्यक्तिनिष्ठ होते, म्हणून कर्मणी प्रयोग वापरावा, असे विद्यार्थ्यांना सांगितले जाते. हा नियम इंग्रजीतून आला आहे आणि मराठीच्या अंगाला बसत नाही. "मी मुलाखती घेतल्या" हा मराठीत आधीच कर्मणी प्रयोग आहे. क्रियापद "मी"प्रमाणे चालत नाही, "मुलाखती"प्रमाणे चालते. आपल्या भूतकाळाने कर्माला मान दिलेलाच आहे. त्यावर "घेण्यात आल्या" ही पगडी चढवण्याची गरज नाही. "मी" खटकत असेल तर तो गाळावा. "मुलाखती घेतल्या" हे वाक्य मराठीत सुखाने उभे राहते.

२०. जुना_परीक्षक
मान्य. परंतु "मी" सर्वत्र गाळू नये, असे मी पुढे जाऊन म्हणेन. निरीक्षण कोणाचे आणि निष्कर्ष कोणाचा, हे वेगळे कळावे म्हणून तो लागतो. "प्रस्तुत संशोधकाला असे वाटते" यातला प्रस्तुत संशोधक कोण, हे सगळ्यांना माहीत असते.

२१. वकील_सिव्हिल_लाइन्स
त्या बाबतीत आमच्याही जमातीने बोलू नये. "सदरहू" हा शब्द आम्हीच जिवंत ठेवला आहे.

२२. तर्री_जास्त
पुढच्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, निघेल तेव्हा मी ओरडणार आहे: सदर, अनुषंग, माध्यमातून आणि करण्यात आले, घेऊन जा गे मारबत!

२३. दीक्षाभूमीजवळ
वर वक्तृत्व आणि अभ्यास या दोन वेगळ्या गोष्टी असल्यासारखे बोलले गेले, म्हणून या शहरातले एक भाषण आठवून देतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा झाली आणि दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांनी इथेच लोकांपुढे भाषण केले. समोर लाखोंचा समुदाय होता आणि त्याच्या भावना आदल्या दिवशीच्या सोहळ्याने भरून आलेल्या होत्या. नुसत्या आवाहनावर ते भाषण उभे राहू शकले असते. त्यांनी सुरुवातीलाच "या कार्यासाठी नागपूर का निवडले?" हा लोक विचारत असलेला प्रश्न घेतला. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ इथे आहे म्हणून हे शहर निवडले, असा काहींचा तर्क होता. तो त्यांनी उघडपणे मांडला आणि नाकारला, आणि मग नाग लोकांचा व बौद्ध धर्माच्या प्रसाराचा संबंध सांगून आपले कारण दिले.

पूर्वपक्षी यांच्या भाषेत सांगायचे तर विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष हा सगळा क्रम त्यात आहे, आणि तेही भाषणच आहे. तेव्हा मार्गदर्शकांच्या "हे भाषण झाले" या शेऱ्यात भाषणावर थोडा अन्याय आहे.

२४. पूर्वपक्षी
हे उदाहरण मला सुचायला हवे होते. माझी जल्पाची मांडणी स्पर्धेतल्या भाषणापुरतीच खरी आहे, असे दुरुस्त करून घेतो.

२५. परीक्षानळी
मीही थोडा मागे येतो. लेखकाने पटवून द्यायचे नसते, असे मी म्हटले होते. वरचे सगळे वाचल्यावर असे दिसते की, चांगल्या मांडणीत लेखक वाचकाच्या हाती आपल्याला खोडण्याची साधने देतो. आम्ही मोजमापातली संभाव्य त्रुटी आकड्याच्या पुढे लिहितो, ते याच जातीचे आहे. त्याला वक्तृत्व म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही.

२६. मुद्रितशोधक
नावाचीच अडचण आहे. वक्तृत्व म्हटले की व्यासपीठ आठवते आणि अलंकारशास्त्र म्हटले की दागिने. राम शेवाळकरांची व्याख्याने ऐकत वाढलेल्या या शहरात पहिला शब्द तर फारच उंचावर जाऊन बसला आहे. मी विद्यार्थ्यांशी बोलताना नुसते "मांडणी" म्हणतो.

२७. अक्षरवाट
नऊ दिवसांनी येते आहे. सर्वांचे आभार मानते.

वह्या मोजल्या. "बहुतांश" खोटे ठरले. कर्ज हे कारण सांगणाऱ्या स्त्रिया निम्म्यापेक्षा कमी आहेत, आणि त्यांच्यातही काही जणींचे कर्ज वकील साहेबांनी म्हटल्याप्रमाणे धंद्यासाठीच काढलेले आहे. उलट सेलूची_लेक यांच्या आईसारखे बोलणे माझ्या वह्यांत अनेक ठिकाणी आहे. मी स्वतःच्या हाताने ते लिहून घेतले होते आणि प्रकरण लिहिताना ते मला दिसले नव्हते. वाक्य इतके सुंदर जमले होते की, वही उघडण्याची गरजच वाटली नव्हती. हे लिहिताना मला लाज वाटते आहे, तरी लिहिते.

नवा परिच्छेद असा केला आहे:

"आठवडी बाजारात भाजी विकणे हा स्त्रियांनी कर्जामुळे नाइलाजाने पत्करलेला व्यवसाय आहे, अशी समजूत या अभ्यासाच्या सुरुवातीला माझीही होती. तिला आधार नाही असे नव्हे. मुलाखत दिलेल्या काही स्त्रियांनी कर्ज हेच कारण सांगितले. मात्र त्यांची संख्या निम्म्याहून कमी आहे. उरलेल्या स्त्रियांच्या बोलण्यात दुसरे एक कारण वारंवार येते: बाजार उठला की पुढचा वेळ त्यांचा स्वतःचा असतो. या वेळात त्या विश्रांती घेत नाहीत, घरातली आणि शेतातली कामे करतात. म्हणून वेळेवरचा ताबा आणि कामातून सुटका या दोन गोष्टी मी या प्रकरणात वेगळ्या धरल्या आहेत. पहिली या व्यवसायात मिळते आणि दुसरी मिळत नाही, हे मला इथे दाखवायचे आहे."

मार्गदर्शकांना अजून दाखवलेला नाही. आधी तुम्ही पाहा.

२८. जुना_परीक्षक
शेवटच्या दोन वाक्यांसाठी मी पुढची पाने वाचली असती.

२९. सेलूची_लेक
आईला वाचून दाखवला. "हे बरोबर हाये" म्हणाली. आणि शेतातल्या कामाबरोबर दवाखानाही लिही म्हणाली.

३०. वकील_सिव्हिल_लाइन्स
एक पृच्छा. वेळ मोकळा मिळतो हे त्यांनी धंद्यात येण्याचे कारण म्हणून सांगितले, की धंद्यात टिकून राहण्याचे? या दोन्ही गोष्टी एक नव्हेत. तुमच्या प्रश्नावलीत कोणता प्रश्न होता, ते पाहा.

३१. मुद्रितशोधक
"दुसरे एक कारण वारंवार येते" यातले "वारंवार" म्हणजे किती जणींच्या बोलण्यात? "बहुतांश" मागच्या दाराने परत आले आहे.

३२. तर्री_जास्त
ताई, गॅस बंद करू नका.

३३. अक्षरवाट
दोन्ही हरकती मान्य. "वारंवार" मोजते. वकील साहेबांच्या प्रश्नाचे उत्तर वह्यांत नाही, कारण मी "या धंद्यात का?" एवढेच विचारले होते, आलात का आणि राहिलात का, हे वेगळे करून विचारले नव्हते. त्यासाठी पुन्हा बाजारात जावे लागेल. परवा बुधवार आहे.